आखातातून हिंगोलीला : अनेक वर्षांचं सामान घरी आणायचं कसं? कस्टम्सपासून टेम्पोपर्यंत सगळं समजून घ्या

परदेशात कामाला जाताना माणसाकडे एक बॅग असते. चार-सहा वर्षांनी परतायची वेळ येते तेव्हा खोलीभर सामान झालेलं असतं. ब्लँकेट, मिक्सर, टीव्ही, हत्यारांची पेटी, मुलांसाठी घेतलेला लॅपटॉप, बायकोसाठी केलेली सोन्याची बांगडी, पुस्तकं, भांडी. यातलं बरंचसं ओव्हरटाइम करून घेतलेलं असतं. त्यामुळे ते टाकून यायला मन तयार होत नाही आणि सगळं घेऊन यायला विमान तयार होत नाही.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या माणसासाठी एक अडचण जास्तीची आहे. जिल्ह्यात विमानतळ नाही. शेजारच्या नांदेडला आहे, पण तिथून देशांतर्गत विमानंच उडतात. म्हणजे मुंबई, हैदराबाद किंवा नागपूरला कस्टम्समधून सुटायचं आणि तिथून पुढचे काही शे किलोमीटर सामान जमिनीवरून न्यायचं.

या सगळ्या प्रवासात पैसे कुठे जातात, कुठे वाचतात आणि कुठल्या कागदाअभावी सामान अडकतं, ते पाहू.

पहिला प्रश्न : आणायचं काय?

दराची चौकशी करण्याआधी यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा. ती वस्तू आज भारतात केवढ्याला मिळते, आणायला किती खर्च येईल आणि इथे ती चालेल का.

तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची आहे. संयुक्त अरब अमिरातीतही तशीच असल्याने तिथली बहुतेक उपकरणं इथे प्लग बदलून चालतात. सौदी अरेबियात ६० हर्ट्‌झची वीज आहे. मोबाइलच्या चार्जरला त्याने फरक पडत नाही, पण मोटर असलेल्या काही यंत्रांना पडतो. अमेरिकेत १२० व्होल्ट आहे. तिथला मिक्सर किंवा इस्त्री थेट इथल्या सॉकेटमध्ये लावली तर जळते. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असं छापलेलं असेल तर काळजी नाही.

वॉरंटीही तपासा. परदेशात घेतलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हिंगोलीत बिघडला, तर कंपनी बहुतेक वेळा त्याची जबाबदारी घेत नाही. त्यामुळे फर्निचर, गादी, जुना फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मोठ्या वस्तू तिथेच विकून पैसे घरी पाठवणं सहसा फायद्याचं ठरतं. आणण्यासारखं असतं ते लहान, महाग किंवा दुसरीकडे न मिळणारं. कामाची चांगली हत्यारं, लॅपटॉप, पुस्तकं, फोटो, कागदपत्रं.

कस्टम्स नेमकं कशावर शुल्क घेतं?

विमानतळावर उतरणाऱ्याच्या सामानासाठी ‘बॅगेज नियम’ लागू होतात. २०१६ साली आलेले नियम जवळपास दहा वर्षं चालले. फेब्रुवारी २०२६ पासून त्यांच्या जागी नवे बॅगेज नियम आले. जुन्या व्हिडिओंमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही २०१६ चे आकडे फिरतात, ते आता लागू नाहीत.

सामानाचे ढोबळमानाने तीन कप्पे समजा.

पहिला कप्पा वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंचा. अंगावरचे आणि बॅगेतले वापरलेले कपडे, चपला, दाढीचं सामान, रोजच्या गरजेच्या गोष्टी. यावर शुल्क नाही आणि त्या कुठल्या मर्यादेतही मोजल्या जात नाहीत.

दुसरा कप्पा बाकीच्या नव्या-जुन्या वस्तूंचा. चॉकलेट, अत्तर, खजूर, ब्लँकेट, नवा फोन, मिक्सर, भेटवस्तू. यासाठी सर्वसाधारण सवलत असते. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. २०२६ च्या नियमांत ती ७५,००० रुपये झाली. याशिवाय १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो.

तिसरा कप्पा सवलत न मिळणाऱ्या वस्तूंचा. त्याबद्दल पुढे येईल.

मर्यादेच्या वरच्या किमतीवर शुल्क लागतं. बॅगेजचा हा दर अनेक वर्षं ३५ टक्के आणि त्यावर समाजकल्याण अधिभार, असा मिळून ३८.५ टक्के राहिला आहे. समजा, तुमच्याकडच्या वस्तूंची किंमत ९५,००० रुपये भरली. त्यातून ७५,००० वजा केले की २०,००० उरतात. ३८.५ टक्क्यांनी त्यावर ७,७०० रुपये होतात. शुल्क पूर्ण ९५,००० वर लागत नाही, फक्त वरच्या रकमेवर लागतं.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. नवरा-बायको दोघं येत असतील तर दोघांची सवलत एकत्र करून १.५ लाखाचा एकच टीव्ही किंवा कॅमेरा आणता येईल, असं अनेकांना वाटतं. तसं करता येत नाही. सवलत माणसागणिक असते आणि ती दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर फक्त त्याच्या वापरलेल्या वस्तूंचीच सूट असते.

कायमचं परतत असाल तर वेगळी सवलत आहे

आखातातून सुटीवर येणारा आणि बिऱ्हाड आवरून येणारा, या दोघांत कायदा फरक करतो. दुसऱ्याला ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स’ म्हणजे वास्तव्य बदलल्याची सवलत मिळते. घरगुती वापराच्या वस्तूंसाठी ती सर्वसाधारण सवलतीपेक्षा मोठी असते.

यामागचं तत्त्व सोपं आहे. परदेशातला मुक्काम जितका लांब, तितकी सवलत मोठी. २०१६ च्या नियमांत याच्या चार पायऱ्या होत्या. तीन ते सहा महिने राहिलेल्याला ६०,००० रुपये, सहा महिने ते एक वर्षासाठी १ लाख, वर्षापेक्षा जास्त राहिलेल्याला २ लाख आणि दोन वर्षं किंवा अधिक राहिलेल्याला ५ लाख रुपयांपर्यंत. २०२६ च्या नियमांनी या रचनेत बदल करून रकमा वाढवल्या. तुमच्या मुक्कामाला आज कुठली रक्कम लागू आहे, ते केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या म्हणजे सीबीआयसीच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.

मात्र रकमेइतकंच महत्त्व अटींना आहे. सर्वात मोठ्या पायरीसाठी २०१६ च्या नियमांत तीन अटी होत्या आणि कस्टम्स अधिकारी अशाच गोष्टी पासपोर्टवर शोधतात.

- परतण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं परदेशात वास्तव्य.
- त्या दोन वर्षांत सुटीवर भारतात काढलेले दिवस एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त नकोत.
- मागच्या तीन वर्षांत हीच सवलत आधी घेतलेली नको.

दुसरी अट अनेकांना अडते. बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, हळद काढणीला झालेली मदत अशा कारणांनी माणूस मध्ये दोन-तीनदा येऊन जातो आणि दिवस वाढत जातात. परतीची तारीख ठरवण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के मोजा. काही दिवसांचाच फरक असेल तर तारीख थोडी पुढे ढकलून बराच खर्च वाचू शकतो.

सोन्याचं काय?

एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहिलेल्या भारतीयाला दागिन्यांसाठी वेगळी सूट आहे. महिलेला ४० ग्रॅमपर्यंत, इतरांना २० ग्रॅमपर्यंत. २०१६ च्या नियमांत वजनासोबत किमतीचीही मर्यादा होती. महिलेसाठी १ लाख आणि पुरुषासाठी ५०,००० रुपये. सोन्याचे भाव इतके चढले की वजनाची मर्यादा कागदावरच राहिली, कारण किमतीची मर्यादा काही ग्रॅममध्येच संपायची. २०२६ च्या नियमांनी किमतीची अट काढली आणि फक्त वजन ठेवलं. आखातातून येणाऱ्या कुटुंबांसाठी या नियमांतला हा सर्वात मोठा बदल आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही सूट दागिन्यांना आहे. बिस्कीट, नाणी किंवा वेढणी दागिन्यात मोडत नाहीत. ती लपवून आणली तर जप्ती आणि दंड होतो, प्रकरण मोठं असेल तर अटकही होते. ओळखीच्या माणसाने ‘एवढं पाकीट गावाकडे दे’ म्हणून दिलेली वस्तू आत काय आहे हे न पाहता घेऊ नका. बॅग तुमच्या नावावर आहे, त्यामुळे उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं.

दुसरं, भारतातून जाताना अंगावर जड दागिने असतील तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट’ करून घ्या. परतताना तेच दागिने नव्याने आणल्याचा प्रश्न उरत नाही.

टीव्ही, गाडी, ड्रोन : हे आणण्याआधी थांबा

फ्लॅट टीव्ही. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत लोक तो सर्वसाधारण सवलतीत आणत असत. त्या महिन्यात सरकारने ही सूट काढली. तेव्हापासून सुटीवर येणाऱ्याला पूर्ण किमतीवर शुल्क भरावं लागतं. आज इथल्या दुकानातला भाव पाहिला तर टीव्ही आणण्यात फायदा क्वचितच उरतो.

गाडी. कायद्याच्या व्याख्येतच मोटारगाडी ‘बॅगेज’मध्ये धरलेली नाही. शिवाय जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. आखातातल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे ती तिथेच विकायची.

ड्रोन. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. पुतण्याला खेळायला म्हणून आणलेला ड्रोनही अडकतो.

ई-सिगारेट. भारतात २०१९ पासून बंदी आहे. साध्या सिगारेटी १०० पर्यंत आणि दारू दोन लिटरपर्यंत चालते.

सॅटेलाइट फोन. परवानगीशिवाय आणता येत नाही.

रोपं आणि बियाणं. खजुराचं पाकीट चालतं, खजुराचं रोप तसं आणता येत नाही. त्यासाठी क्वारंटाइनचे परवाने लागतात.

रोख रक्कम. ५,००० डॉलरहून जास्त किमतीच्या परकीय नोटा असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरहून जास्त असेल, तर जाहीर करावं लागतं. आणायला बंदी नाही, पण न सांगणं गुन्हा आहे.

जाहीर करण्यासारखं काही असेल तर लाल मार्गाने जा. हिरव्या मार्गाने गेलात म्हणजे ‘माझ्याकडे शुल्क लागेल असं काही नाही’ हे तुम्ही लेखी दिल्यासारखंच असतं. कस्टम्सच्या ‘अतिथी’ अ‍ॅपवर ही माहिती उतरण्याआधीही भरता येते.

विमानातून, हवाई कार्गोने की जहाजाने?

तिन्ही मार्गांचा हिशेब वेगळा असतो.

सोबतची बॅग. सर्वात स्वस्त आणि सुरक्षित. तिकिटावर लिहिलेलं वजन पाहा. जादा वजन विमानतळावर घेण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेतलेलं स्वस्त पडतं. एकूण वजन कितीही विकत घेतलं तरी एका नगाचं वजन सहसा ३२ किलोच्या वर चालत नाही, कारण ते माणसाला उचलायचं असतं. दोरीने बांधलेली गाठोडी टाळा. दुबई विमानतळाने मार्च २०१७ पासून गोल आणि वेड्यावाकड्या आकाराच्या बॅगा घेणं बंद केलं, कारण त्या पट्ट्यावर अडकतात. सपाट बाजू असलेलं खोकं आणि चांगली टेप वापरा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

हवाई कार्गो. इथे वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ६,००० ने भागतात. ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचं खोकं घ्या. गुणाकार १,२१,५०० होतो आणि भागल्यावर २०.२५ किलो येतात. त्या खोक्यात ९ किलोची ब्लँकेट भरलीत तरी पैसे २० किलोंचेच. म्हणून हलकं आणि फुगीर सामान हवाई कार्गोने पाठवणं तोट्याचं आहे.

जहाज. इथे भाव घनमीटरवर असतो. वरचं खोकं ०.१२ घनमीटरचं. अशी आठ खोकी मिळून साधारण एक घनमीटर होतो. एवढ्यासाठी पूर्ण कंटेनर लागत नाही, इतरांच्या मालासोबत जागा मिळते. २० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते, तो घरभर फर्निचर आणणाऱ्यांसाठी. जहाज स्वस्त दिसतं, पण एजंटने सांगितलेला दर बऱ्याचदा फक्त बंदरापर्यंतचा असतो. बंदरावरची हाताळणी, कस्टम्स ब्रोकरची फी, गोदामाचं भाडं आणि पुढची वाहतूक यात धरली आहे का, हे लेखी विचारा. ‘डोअर टू डोअर’ म्हटलं असेल तर दार कुठलं? मुंबईच्या गोदामाचं की सेनगावच्या घराचं? पिनकोडसह लिहून घ्या.

काही जण सुचवतात की सामान ‘भेट’ लिहून कुरिअरने पाठवावं, शुल्क लागत नाही. ही वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधांचा अपवाद सोडता भेट म्हणून आलेल्या वस्तूंची सूट तेव्हा काढली गेली.

बंदरात सामान का अडकतं?

तुमच्यासोबत विमानात न येता मागून किंवा पुढून येणाऱ्या सामानाला ‘अनअकम्पनीड बॅगेज’ म्हणतात. त्याला वेळेची चौकट आहे. तुम्ही भारतात उतरल्यापासून एका महिन्याच्या आत ते तिकडून निघायला हवं. सामान आधी पोचणार असेल तर तुमच्या येण्याच्या जास्तीत जास्त दोन महिने आधी. उशीर आजारपणासारख्या खऱ्या कारणाने झाला असेल तर सहायक आयुक्त किंवा उपायुक्त मुदत वाढवू शकतात, पण अर्ज आणि पुरावा लागतो.

आणखी एक फरक आहे. सर्वसाधारण सवलतीचा लाभ सोबतच्या सामानालाच मिळतो. मागून येणाऱ्या सामानात वापरलेल्या वैयक्तिक वस्तू सोडल्या तर ही सूट नाही. त्यामुळे नव्या वस्तू सोबत आणा आणि जुन्या वस्तू मागून पाठवा. वास्तव्य बदलल्याची सवलत घेणार असाल तर मागून किती सामान येतंय, ते उतरतानाच जाहीर करा.

न्हावा शेवा बंदरात किंवा मुंबईच्या एअर कार्गो संकुलात सामान सोडवताना साधारणपणे हे कागद मागतात :

- पासपोर्ट, सर्व पानांच्या प्रतींसह. जुना पासपोर्ट असेल तर तोही.
- राहण्याचा परवाना किंवा वर्क व्हिसा आणि नोकरी सोडल्याचं कंपनीचं पत्र.
- परतीचं तिकीट आणि बोर्डिंग पास.
- बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल.
- खोक्यागणिक वस्तूंची यादी आणि प्रत्येकाची किंमत.
- स्वतः जाणार नसाल तर कस्टम्स ब्रोकरला दिलेलं अधिकारपत्र.

यादीवर ‘घरगुती सामान, १ खोकं’ एवढंच लिहिलं तर तपासणी वाढते. ‘खोका ३ : वापरलेली स्टीलची भांडी १२, वापरलेली ब्लँकेट २, मिक्सर १ (वापरलेला, २०२२)’ असं लिहा. महागड्या वस्तूंची जुनी बिलं ठेवा, म्हणजे किंमत अधिकाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. आणि घाई करा. मोफत दिवस संपले की गोदामाचं भाडं दिवसागणिक चढतं. काही आठवड्यांत ते सामानाच्या किमतीला गाठू शकतं.

शेवटचा टप्पा : हिंगोलीपर्यंत

मुंबईहून हिंगोली साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. हैदराबाद साधारण साडेतीनशे आणि नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणून फक्त तिकिटाचा भाव पाहू नका, पुढचा खर्च मिळवून तुलना करा. हैदराबादला उतरलं तर संगारेड्डी, नांदेडमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ थेट हिंगोलीत आणतो. मुंबईहून टेम्पो करायचा तर जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंत किंवा वाशिम जिल्ह्यातल्या इंटरचेंजपर्यंत येता येतं.

मुंबई-जालना जनशताब्दी मार्च २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. त्यामुळे मुंबईहून थेट गाडी आहे, पण ती बसून प्रवासाची आहे. चार खोकी घेऊन तिच्यात चढणं अवघड. रेल्वेत सामानाचीही मर्यादा असते. स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो मोफत. त्याहून जास्त असेल तर पार्सल कार्यालयात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावं. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनहून पूर्णा-अकोला मार्गाने जाणाऱ्या गाड्याही हिंगोलीला थांबतात.

नांदेडपर्यंत विमानाने यायचा विचार असेल तर एक हिशेब करा. आखातातल्या तिकिटावर ३० किलो चालत असलं, तरी वेगळं काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच चालतात. उरलेल्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतील.

टेम्पो केलात तर कस्टम्सची पावती आणि वस्तूंची यादी ड्रायव्हरजवळ द्या. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही. वाटेत कुणी विचारलं तर हे सामान विक्रीचं नाही हे दाखवायला तेच कागद कामी येतात. ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकी टाकली तर नग मोजून पावती घ्या.

विमा का काढायचा? १९१७ सालची गोष्ट

परदेशातून मागून पाठवलेलं सामान हरवण्याचं सर्वात प्रसिद्ध मराठी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट ठेवून परतावं लागलं. ते एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तकं व सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने निघालं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. उपाशीपोटी राहून जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली.

धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की या सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये त्यांना मिळाले. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्यासाठी तेव्हा हातात पैसे नव्हते, तिथे हीच रक्कम उपयोगी पडली. पुस्तकं परत आली नाहीत, पण भरपाईमुळे पुढचं पाऊल टाकता आलं.

आज पाणबुडीची भीती नाही. ओल, गळती आणि गहाळ होणं मात्र आहेच. कार्गोचा विमा घेताना एक ओळ नीट वाचा. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली वस्तू फुटली तर अनेक पॉलिसी भरपाई देत नाहीत, पूर्ण खोकंच हरवलं तरच देतात. आणि ज्याची भरपाई पैशांनी होत नाही, ते कार्गोत टाकूच नका. मूळ प्रमाणपत्रं, फोटो, वह्या, हार्ड डिस्क हातातल्या बॅगेत.

माणूस परतला नाही, फक्त सामान परतलं तर?

हा प्रश्न कुणाला विचारायचा नसतो, पण काही घरांवर ती वेळ येते. परदेशात मृत्यू झालेल्या व्यक्तीचं वापरलेलं वैयक्तिक आणि घरगुती सामान शुल्काविना आणण्याची तरतूद आहे. त्यासाठी त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं प्रमाणपत्र लागतं. ते सामान मृत व्यक्तीच्याच मालकीचं होतं, असं त्यात नमूद हवं.

पार्थिव आणण्याच्या धावपळीत खोलीतल्या वस्तूंकडे लक्ष जात नाही. काही आठवड्यांनी खोली रिकामी केली जाते आणि घड्याळ, फोन, डायरी, मुलांसाठी घेऊन ठेवलेल्या वस्तू कुठे गेल्या ते कळत नाही. म्हणून त्याच वेळी खोलीतल्या सहकाऱ्याला किंवा कंपनीला यादी करून फोटो काढायला सांगा आणि दूतावासाला लेखी कळवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर भारतातून कुटुंबीयांनाही तक्रार नोंदवता येते. कामगार ईसीआर पासपोर्टवर गेला असेल तर प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी घरी शोधा. अपघाती मृत्यूसाठी तिचं संरक्षण १० लाख रुपयांचं आहे. पॉलिसीची प्रत कामगाराच्या खोलीत आणि घरी अशी दोन्हीकडे असावी.

सामानाइतकेच महत्त्वाचे कागद

तिथून निघाल्यावर जे कागद मिळवायला सर्वात जास्त त्रास होतो, ते निघण्याआधी घ्या. अनुभवाचं पत्र, नोकरीच्या हिशेबाची प्रत, तिथल्या पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र, मुलांचा शाळेचा दाखला, आजारपणाचे रिपोर्ट, वाहन परवान्याची प्रत. बँकेचं कर्ज आणि क्रेडिट कार्ड बंद केल्याचं पत्रही घ्या. ते नसेल तर पुढे पुन्हा त्या देशात जाताना अडचण येऊ शकते.

भारतात कायमचं परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. परकीय चलनातली बचत तशीच ठेवायची असेल तर आरएफसी खात्याचा पर्याय आहे.

निघण्याआधीचं वेळापत्रक

तीन महिने आधी : पासपोर्टवरचे दिवस मोजा. सीबीआयसीच्या संकेतस्थळावर आजच्या मर्यादा पाहा. वस्तूंची यादी करा आणि विकायच्या वस्तू वेगळ्या काढा.

दोन महिने आधी : किमान तीन कार्गो एजंटांकडून लेखी दर घ्या. मुंबई, हैदराबाद, नागपूर या तिन्ही मार्गांचा घरापर्यंतचा खर्च जोडा.

एक महिना आधी : कागद गोळा करा, जुनी बिलं शोधा. खोक्यांवर क्रमांक टाका, भरताना फोटो काढा.

शेवटच्या आठवड्यात : सोनं, रोख आणि मूळ कागद हातात. यादीची एक प्रत बॅगेत, एक घरी व्हॉट्सअ‍ॅपवर.

उतरल्यावर : जाहीर करायचं ते लाल मार्गाने जाहीर करा, पावती घ्या आणि मागून येणाऱ्या सामानाची नोंद करूनच बाहेर पडा. ती पावती सामान घरात उतरून खोकी मोजून होईपर्यंत फेकू नका.